इन्क्युबेटरचा प्लग

आमच्या विभागात कॉम्प्युटर आले त्याच आठवड्यात माझ्या चेतापेशी मेल्या. इतकी वर्षं झाली, राग अजून गेलेला नाही.

मी पुण्यात पीएच.डी. करत होते. धायरीच्या हॅचरीतल्या काकांकडून फलित अंडी आणायची, बसमध्ये ट्रे मांडीवर धरून, आणि कोंबडीच्या गर्भातल्या चेतापेशी काचेच्या बशीत, इन्क्युबेटरच्या उबेत वाढवायच्या. त्यांना वाढीचं एक प्रथिन द्यावं लागतं, नाही दिलं तर मरतात. दिलं की धागे फुटतात. धाग्याचं टोक पंजासारखं चाचपडत पुढे जातं आणि मागून पेशीचा सांगाडा, म्हणजे प्रथिनांच्या अतिशय बारीक नळ्या, त्याला आधार देत येतो. पंजाला दिशा कशी कळते, हे मला शोधायचं होतं. ते प्रथिन परदेशातून यायचं. त्याच्या एका कुपीसाठी मी सात महिने थांबले होते.

शनिवारी धागे झकास वाढले होते. सोमवारी येऊन बघते तर इन्क्युबेटर बंद! आयटीवाले पाहुणे येणार म्हणून विभागप्रमुखांनी रविवारी आमच्याच खोलीत कॉम्प्युटर मांडले होते. प्लग त्यांच्यासाठी काढलेला, एसीही त्यांच्यासाठीच जोरात. थंडीत त्या नळ्या विरघळतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर धागे तुटून मण्यांसारखे विखुरले होते.

बशी घेऊन मी तडक प्रमुखांच्या खोलीत गेले.

"पेशीच ना? पुन्हा वाढवा," ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले.

"सर, एकदा बघून तरी घ्या."

"बाई, पुढचं सगळं कॉम्प्युटरवरच होणार आहे. अंडी फोडत किती दिवस बसणार आपण?"

"प्लग काढण्याआधी एक फोन केला असतात, तर कॉम्प्युटरचं काय बिघडलं असतं?"

"माफी मागा," ते म्हणाले. मी मागितली नाही. संध्याकाळी उद्धट वर्तनाबद्दल मेमो आला. मी त्यावर 'मिळाला' एवढंच लिहून सही केली. घरी जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून ओरडले.

नवी कुपी यायला पुन्हा पाच महिने लागले. पंजाला दिशा कशी कळते, याचं उत्तर अखेर मिळालं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात प्रमुखांचं नाव घालायची पद्धत होती. मी हॅचरीवाल्या काकांचं घातलं. "चुकून राहिलं वाटतं माझं," प्रमुख म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं, "चुकून नाही."