टॉवेल-टोपी आणि अंतराळवीर

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आपला एक माणूस अंतराळात जाऊन आला आणि जळगावात जो तो त्याच्या वतीने बोलू लागला. वरून पृथ्वी पाहिली की गळा दाटून येतो, खालची भांडणं क्षुल्लक वाटतात, असं कुठल्याशा पेपरात आलं होतं. ते कात्रण घेऊन माझी थोरली बहीण शिंदखेड्याहून एस.टी.ने आली आणि थेट माझ्या केळीच्या वखारीत शिरली. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं आणि मी येणार नाही असं कळवून टाकलं होतं.

थोरल्या मुलीच्या लग्नात मेहुण्यांनी मांडवात टॉवेल-टोपीचा पहिला मान एका कापसाच्या व्यापाऱ्याला दिला होता. मी सख्खा मामा, माझं नाव चौथं पुकारलं. यावलच्या स्टँडवर टोपलीतून केळी विकून वर आलेल्या माणसाला बाहेरचे लोक चौथाच धरतात. घरच्यांनी धरायला नको होतं.

अक्काने कात्रण मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "भाऊ, इतलं वरथीन तुनी टोपी दखास का रे?"

"लांबून माल बघून कोणी भाव करत नाही, अक्का. आणि तो खाली उतरला तेव्हा पहिला हार त्यालाच घातला असेल. त्याला चौथ्या नंबरावर घालून बघायला हवा होता."

ती हसली, पण डोळे भरले. "तू नही उना ते पोरना मांगे मामा म्हनीसन कोन उभं ऱ्हाई?"

मी मऊ पडलो, पण सौदा सोडवेना. "मेहुण्यांनी स्वतः मला घ्यायला यावं. माणूस पाठवलेला चालणार नाही."

"त्या सकायपाइन स्टँडवर बठेल शेतस," अक्का म्हणाली. मेहुणेही तिच्याबरोबरच आले होते; आधी भावाचा राग बघून ये, म्हणून त्यांनीच तिला पुढे पाठवलं होतं.

पहिल्याच बोलीला समोरचा हो म्हणाला की समजावं, आपण कमी मागितलं. वैशाखाच्या उन्हात पाहुण्याला असं बसवतात का, म्हणून मी अक्कालाच झापलं आणि चपला घालून निघालो. खरं तर घ्यायला त्यांनी यायचं होतं.

मेहुणे मांडीवर पिशवी धरून बाकाच्या टोकाला बसले होते, नवरदेवाकडच्या माणसासमोर बसावं तसे. अंतराळवीराचा गळा म्हणे फार लांबून दाटतो. माझा दहा पावलांवरून दाटला. त्यांनी सरकून जागा केली. मी उभाच राहिलो. म्हणालो, "चला, जेवण व्हायचंय."