तीनशे एक

रघुनाथला तलावावरच्या स्पर्धेच्या चिटणिसांनी फसवलं. सहा वर्षं हे मी तोंडी सांगत आलो, आता लिहून सांगतो. पाच आठवड्यांपूर्वी त्याचे वडील खडवलीहून माझ्या नौपाड्यातल्या लाकडाच्या वखारीत आले, फळ्यांच्या ढिगाला हात टेकून "रघू गेला" एवढंच म्हणाले... कावीळ. वय एकतीस.

खडवलीच्या नदीत खडकावरून उड्या मारत तो शिकला. त्याची खास उडी अशी, की पाण्याकडे तोंड करून पुढे झेपावायचं आणि हवेत अंग मागे टाकून, डोकं खडकाच्या बाजूला येईल असं पाण्यात शिरायचं. गावात तिला 'उलटी' म्हणत. खडवलीत उलटी एकच.

ठाण्याच्या तलावावर उड्यांची स्पर्धा ठरली. पहिला येईल तो प्रांताच्या संघात जाणार होता आणि माझ्या वखारीत कामाला असलेल्या रघूला दुसरं काही सुचत नव्हतं. समितीला उडीच्या फळीसाठी चांगलं लाकूड हवं होतं. मी म्हटलं, फळी देतो, रघूचं नाव घ्या. चिटणीस म्हणाले, आम्ही क्लबाच्या सभासदांचीच नावं घेतो. मग फळीही सभासदाकडूनच घ्या, असं सुनावून मी उठलो, तेव्हा नाव लागलं. पण ते त्यांना झोंबलं होतं.

अर्जावर प्रत्येक उडीचा आकडा आधी लिहून द्यायचा. लिहिली तीच उडी मारायची, दुसरी मारली की शून्य. आम्हा दोघांना आकडे ठाऊक नव्हते, म्हणून चिटणीसच लिहीत होते. शेवटची कुठली, असं त्यांनी विचारलं. रघू हातवारे करून सांगू लागला. मला वखार उघडायची घाई होती, मी मध्येच म्हटलं, "उलटी लिहा हो." ते क्षणभर थांबले... आणि लिहिलं, २०१. आदल्या संध्याकाळी याच माणसानं माझ्या शेजारी उभं राहून रघूची ती उडी पाहिली होती.

शेवटच्या उडीपर्यंत रघू पुढे होता. चिटणिसांनी कर्ण्यातून पुकारलं, "दोनशे एक." रघूनं मान हलवली, पुकारलं म्हणजे आपलीच उडी असणार. दोनशे एकला पाण्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. रघू तोंड करून उभा राहिला. जाणत्या माणसाला तिथेच कळतं, आणि उडी थांबवायची शिट्टी चिटणिसांच्या गळ्यात होती. ती वाजली नाही. रघू इतका सरळ पाण्यात गेला की काठावर शिंतोडाही आला नाही... पंचांनी शून्य दिलं. संघात चिटणिसांच्या क्लबाचा पोरगा गेला.

परतताना मी शिव्या घालत होतो. रघू म्हणाला, "आपण उलटी म्हणालो, त्यांनी उलटी लिहिली. भांडणार कशावर?" 'आपण' म्हणाला. 'तुम्ही म्हणालात', असं तो शेवटपर्यंत म्हणाला नाही, आणि तेच मला सलतं.

पुन्हा तो स्पर्धेत उतरला नाही. कुठून तरी नियमांचं पुस्तक मिळवून त्यानं सगळं कोष्टक पाठ केलं. पहिला आकडा उडीची जात सांगतो. एक पुढची, दोन मागची, तीन त्याची, चार पाठ करून फळीकडे वळायची, पाच पिळाची, सहा हातांवर उभं राहून मारायची. शेवटचा आकडा अर्ध्या कोलांट्या किती ते सांगतो, आणि पुढचं अक्षर अंग ताठ ठेवायचं, कमरेत मोडायचं की गुडघे पोटाशी घ्यायचे ते. मला समजावताना एकदा हसून म्हणाला, "शेटजी, तुमच्या एका उलटीत तीन जाती निघाल्या, दोन, तीन आणि चार."

परवा खडवलीला जाऊन आलो. त्याच्या खोलीच्या भिंतीवर ते कोष्टक खडूनं लिहिलेलं तसंच आहे. त्याच्या आईनं तेवढी भिंत सोडून बाकीची सारवली आहे. ३०१ भोवती इतक्यांदा गोल काढलाय की तिथला पोपडा निघालाय.

माझी चूक मी कबूल केली. मला आकडे येत नव्हते, घाई होती. चिटणीस, तुम्हाला आकडे येत होते, घाईही नव्हती. लिहिताना तुम्ही थांबलात कशासाठी? आणि तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला तेव्हा शिट्टी का वाजवली नाहीत? उत्तर मला नको. खडवलीला जा, त्या भिंतीपुढे उभे राहा आणि त्याच्या वडिलांना सांगा.