जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली गाडी

सिंदेवाहीच्या मिस्त्रीभाऊंनी आमच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला असं सांगितलं, तेव्हा मी चंद्रपूरहून सुट्टीला घरी आले होते. गाडी माझ्याहून फार लहान नाही. चारही चाकांना जोर लावता येणारी, म्हणून तलावाच्या गाळात उतरून मासळीचे क्रेट बाहेर काढणारी गावातली ती एकच. अलीकडे डांबरी रस्त्यावर वळताना ती खालून कण्हायची, पुढची चाकं फरफटायची आणि गिअर सुटता सुटायचा नाही. गिअरबॉक्स बदलायचा तर या जुन्या मॉडेलचा मिळणं कठीण होतं. बाबांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. रविवारी भंगारवाला न्यायला येणार होता.

मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे मला सगळं येतं असं घरच्यांना वाटतं आणि काहीच येत नाही असं मला. कॉलेजातला गिअरबॉक्स कापून रंगवलेला आहे. त्याला तेलसुद्धा लागलेलं नसतं. तरी बाबांचं एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. ते प्रत्येकाला सांगायचे, "चिखलात तर बरी चालते ना." मिस्त्रीभाऊ त्यावर हसून म्हणाले होते, मंग चिखलातच ठेवा.

शनिवारी सकाळी मी भीतभीतच विचारलं, एकदा चाक उचलून पाहू का? गिअरबॉक्स गेला असता तर तो चिखलातही रडला असता. चिखलात चाकं घसरतात, म्हणून पुढची-मागची एकमेकांना जोडलेली असली तरी चालून जातं. डांबरावर घसरायला वाव नसतो, वळताना सगळा ताण आत साठतो. पण रस्त्याला लागताच बाबा फोर-व्हीलचा दांडा मागे घेत होते, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपासून सुटायला हवी होती. माझं म्हणणं तिथेच अडत होतं.

मागच्या चाकांना दगड लावले, गिअर काढला, दांडा टू-व्हीलवर ठेवला आणि पुढचं डावं चाक जॅकवर चढवलं. जमीन सुटताच आत साठलेला ताण मोकळा होऊन चाक कट्‌कन मागे फिरलं. मग मी हाताने फिरवून पाहिलं, तर हलेना. दांडा टू-व्हीलवर होता आणि गाडी अजून फोर-व्हीलमध्येच होती.

मी खाली शिरले. बाबा वरून दांडा हलवत होते. तो पूर्ण मागे येत होता, पण त्याला जोडलेली खालची सळई अर्ध्यातच थांबत होती. सांध्यावर गाळाचा गोळा सुकून घट्ट झाला होता. खरवडला तर आतून हिरवा नायलॉनचा दोरा निघाला. जाळ्याचा दोरा.

आमच्याकडे काहीही ढिलं झालं की जाळ्याच्या दोऱ्याने आवळतात, खाटेच्या पायापासून सायकलच्या मडगार्डपर्यंत. दिवाळीत हा सांधा झिजल्यामुळे दांडा गाळात आपोआप सुटत होता. बाबांचा हात तिथे जाईना, म्हणून मीच दोरा गुंडाळून जाळ्याची गाठ मारली होती, ओढू तितकी आवळणारी. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

"काऊन गप झाली?" बाबांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. जाळं कापायचा चाकू त्यांनी खाली सरकवला.

दोरा तुटला आणि सळई शेवटपर्यंत मागे गेली. चाक एका बोटाने फिरलं, त्याच्यासोबत पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्टही. मी तो थांबेपर्यंत पाहत राहिले.

बाबांना दिखावा जमत नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी गाडी थेट सिंदेवाहीला नेली आणि मिस्त्रीभाऊंच्या दुकानासमोर डांबरावर पूर्ण गोल फिरवली. मग उलटा गोल. गाडी कण्हली नाही. मिस्त्रीभाऊ वाकून खाली पाहायला लागले.

"काय होतं, भाऊ?"

"गाठ होती," बाबा म्हणाले. "पोरीनं मारली, पोरीनंच काढली."

मिस्त्रीभाऊंनी जुन्या डब्यातून सांध्याची झीज भरून काढणारा बुश शोधला आणि तो बाबांना न देता माझ्या हातावर ठेवला. "तूच बसव. अन् आता दोरा नोको बांधू, बाई."

रविवारी भंगारवाला आला तेव्हा गाडी दारात नव्हती. बाबा तिला घेऊन तलावावर गेले होते. त्याला परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं. ते मी न अडखळता केलं.