पूजेनंतर हात लावायचा नाही

काकूंनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तंबोऱ्यावर शिंपडलं. आधी भोपळ्यावर. मग दांडीवर. मग एकेका खुंटीवर. जिथे जिथे माझी बोटं लागली होती, तिथे तिथे. मी समोरच उभी होते. तारा पुसायचं फडकं अजून माझ्या हातात होतं.

"तुझ्यावर नाही हं काही," काकू म्हणाल्या. "पूजेचं आहे म्हणून. हो बाई जरा लांब."

मी लांब झाले.

ही जुन्या काळातली गोष्ट नाही. गिरगावात ठाकूरद्वारच्या वाडीतलं घर. घरात वायफाय, मुलगा अमेरिकेत, सून व्हिडिओ कॉलवरून वाद्यांची पूजा बघतेय. आणि काकूंच्या हातात तांब्या.

काकू म्हणजे माझ्या गुरुजींच्या पत्नी. गुरुजींकडे मी अकरा वर्षं गाणं शिकले. दर गुरुपौर्णिमेला सकाळी घरी वाद्यपूजा आणि संध्याकाळी जवळच्या हॉलमध्ये शिष्यांचं गाणं. पूजेआधी तंबोऱ्यांची जोडी मिळवायची, म्हणजे चारी तारा सुरात आणायच्या. हे काम माझं. तार जिथे घोडीवर, म्हणजे तारांखालच्या रुंद पट्टीवर, टेकते तिथे तिच्याखाली सुताचा बारीक दोरा सरकवायचा असतो. केसभर पुढे, केसभर मागे. जागा बरोबर सापडली की तार नुसती वाजत नाही, घुमते. ती जवारी. क्लासमध्ये वीसेक जण होते, पण जवारी लावायची तर मीच. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणायचे, "हिच्या बोटांना कान आहेत."

कानवाली बोटं पूजेपर्यंत चालायची. पूजेनंतर नाही.

पहिल्या वर्षी मी सतरा वर्षांची होते. मला वाटलं, पूजा झाली की कुणीच हात लावत नसेल. मग पाहिलं, मधुराने लावला. मधुरा माझ्याच बरोबरीची, माझ्याच वर्षी क्लासला लागलेली. तिच्या भावानेही लावला. त्याला तर गाणंही येत नव्हतं, तो तंबोरा टॅक्सीत ठेवायला आला होता. तेव्हा कळलं. कळलं आणि मी गिळलं. अकरा वर्षं गिळलं. हे लिहिताना त्यांच्याइतकीच मला माझी किळस येते.

मी डिलाईल रोडच्या चाळीतली. आजोबा नगर जिल्ह्यातल्या गावातून आले. गावात महारवाड्यात राहायचे. शाळेच्या ओढीने ख्रिस्ती झाले, गिरणीच्या ओढीने मुंबईत आले. पप्पा फोर्टमधल्या एका ऑफिसात लिफ्टमन. मम्मी परळला एका नर्सिंग होममध्ये आया. आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी. गाणंही घरातच होतं. रविवारी चर्चमध्ये पप्पा पेटी वाजवायचे, आम्ही मराठी भजनं गायचो. सूर म्हणजे काय हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. पप्पा म्हणायचे, "बाळा, माणसापुढे एकवेळ फेकाफेक चालून जाते. प्रार्थनेत नाही चालत."

हेच मनात धरून मी गुरुजींकडे गेले.

माझं नाव बायबलमधलं. गुरुजींनी पहिल्याच दिवशी ऐकून तोंड वाकडं केलं. "हे काही गाणाऱ्या बाईचं नाव नाही. आपण स्वरदा म्हणू." आपण म्हणजे त्यांनी. मी झाले स्वरदा. रविवारचा क्लास सकाळी आठला. साडेनऊला मी मधूनच उठायचे, कारण दहाला उपासना. मी वही पिशवीत टाकली की गुरुजी तबलजीकडे बघून म्हणायचे, "निघाल्या बाईसाहेब पाव खायला." सगळे हसायचे. प्रभुभोजनाच्या ज्या भाकरीसाठी मी आठवडाभर मनाने तयार व्हायचे, ती यांच्या तोंडात पाव. एकदा मधुराने हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही बाटलेले ना गं?" विचारताना चेहरा अगदी निरागस. मीही हसले. हो, हसले.

चर्चमध्ये तरी कुठे सुख होतं. एक म्हातारी मावशी मला अडवून म्हणाली, "त्यांच्या देवांची गाणी गातेस, आणि वर प्रभुभोजन पण घेतेस?" मी म्हटलं, "मावशी, मी सूर लावते तेव्हा कोण ऐकतो ते मला माहीत आहे." तिथे मला उत्तर देता यायचं. गिरगावात गुरुजींकडे मी नुसती हसायचे. कारण गिरगावात मला काहीतरी हवं होतं.

मला गंडा हवा होता. गुरू भर सभेत शिष्याच्या मनगटाला दोरा बांधतो. मग जग तुम्हाला त्या घराण्याची गायिका म्हणतं. मधुराचा गंडा सातव्या वर्षीच झाला. मला दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू". अकराव्या वर्षी गुरुजी स्वतःहून म्हणाले, "अर्धा तास गा. यमन गा. मग लगेच स्टेजवरच बांधू." वर म्हणाले, "ते गळ्यातलं मात्र आत घाल हं. लोक गाणं ऐकायला येतात."

गळ्यातलं म्हणजे क्रूस. चांदीचा, नखाएवढा. माझ्या बाप्तिस्म्याचा. मी तो सेफ्टी पिनने ब्लाउजच्या आत टाचला. टोक टोचत होतं. म्हटलं, अर्धा तासच तर आहे.

त्या दिवशी सकाळी तंबोरे मिळवले. काकूंनी पाणी शिंपडलं. हार घातले. मग हळदीकुंकू. दर वर्षी काकू कुंकवाचं बोट नेमकं घोडीवर टेकवायच्या, तारांच्या खालीच. कुंकवाचे कण दोऱ्यात बसायचे आणि जवारी मरायची. घुमणारी तार मुकी व्हायची. पाण्याने, हॉलच्या एसीने पंचमही उतरायचा. संध्याकाळी गुरुजी त्याच तंबोऱ्यांवर गायचे. दुसऱ्या दिवशी सगळं झाल्यावर मला बोलावणं यायचं. कोरड्या फडक्याने घोडी पुसायची, कणन् कण काढायचा, दोरा बदलायचा.

मला इतकी वर्षं वाटायचं, गुरुजींना ऐकू येत नसेल. गडबड असते, माणसं पाया पडत असतात. नसेल लक्ष जात.

पूजेला त्यांच्या घरी भिंतीला टेकवून एक तसबीर ठेवतात. गुरुजींच्या गुरूंचे गुरू. खाँसाहेब. त्यांना सगळ्यात मोठा हार. तंबोरे मिरजेचे, मुसलमान कारागिरांनी कोरलेले. भोपळा चिरण्यापासून तारा चढवण्यापर्यंत त्यांचेच हात. मेलेल्या खाँसाहेबांना हार चालतो. लांबच्या कारागिराचे हात चालतात. घरात रोज येणाऱ्या ख्रिस्ती पोरीचे चालत नाहीत. कारण खाँसाहेबांचं आणि कारागिरांचं मूळ यांना शोधायचं नसतं. माझं यांना माहीत होतं. मला ते पाणी माझ्या धर्मावर पडतंय असं वाटायचं. नाही. ते आजोबांच्या महारवाड्यावर पडत होतं. आजोबांनी देव बदलला. यांनी तांब्या बदलला नाही.

संध्याकाळी हॉल भरला. मम्मी-पप्पा शेवटच्या रांगेत. पप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आधी गुरुजी माइक घेऊन दोन शब्द बोलले. "आमच्याकडे जात नाही, धर्म नाही. सूर हाच आमचा धर्म." टाळ्या. पप्पांनीही वाजवल्या. ते मला अजून दिसतं.

मग निवेदिका म्हणाली, "आता गुरुजींची लाडकी शिष्या, स्वरदा."

मी बसले. मागे मधुरा आणि आणखी एक मुलगी तंबोरे घेऊन. त्यांनी तारा छेडल्या. पंचम चांगलाच खाली. खर्ज मुका. जोडीच्या तारा एकमेकींशी भांडत होत्या. असल्या तंबोऱ्यावर यमन गायचा म्हणजे घाणीत पाय देऊन घरभर फिरायचं.

मी मागे वळले. हात खुंटीकडे गेला. अगदी सवयीने.

"अंहं." काकू विंगेतून. आवाज बारीक, पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढा. "तू नको हात लावू. मधुरा, तू बघ गं."

मधुराने खुंटी पिळली. पंचम वर गेला, जागा सोडून पार पुढे. मग धसकन खाली. ती कुजबुजली, "मला नाही कळत गं, तू सांग ना, वर का खाली?"

म्हणजे कान माझे, हात तिचे.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत, माझ्यापासून आठ हातांवर. त्यांचा चेहरा मला पाठ आहे. सूर उतरला की त्यांची डावी भुवई आपोआप वर जाते. मला त्यांनी दीड वर्ष फक्त सा लावायला लावला होता. एकदा मी तापाने फणफणले होते, म्हटलं, "गुरुजी, आज एवढा चालेल का?" तर पेटी बंद केली होती. म्हणाले होते, "चालेल हा शब्द या घरात नाही. लागतो किंवा लागत नाही."

त्यांची डावी भुवई वर गेली.

म्हणजे ऐकू येत होतं. अकरा वर्षं, दर गुरुपौर्णिमेला, त्यांना ऐकू येत होतं.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डोळे मिटले आणि हाताने खूण केली.

"चालेल. गा."

काकूंच्या तांब्याने जी किळस आली नव्हती ती या एका शब्दाने आली. काकू निदान तोंडावर शिंपडतात. हा माणूस स्टेजवर सूर हाच धर्म म्हणतो आणि माझा हात लागू नये म्हणून तोच सूर सडू देतो. मी ज्याला देवाच्या खालोखाल मानलं तो खोटा सूर ऐकून डोळे मिटत होता. आणि मी? टोचणारी पिन छातीवर घेऊन, दुसऱ्याच नावाने, त्याच्याकडून दोरा बांधून घ्यायला बसले होते.

मी आत हात घातला आणि पिन काढली. क्रूस बाहेर आला.

"नाही चालणार, गुरुजी," मी म्हटलं. माइक चालू होता. "तंबोरा उतरलाय. तुम्हाला ऐकू येतंय. मिळवता मला येतो. मला हात लावू देत नाहीत, कारण मी ख्रिस्ती आहे. आधीची महार आहे. माझं नाव स्वरदा नाही."

आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांचं, आजोबांचं आडनाव धरून.

हॉलमध्ये कुणीतरी "अरे, हे काय" म्हणालं. कुणीतरी, "हिला उतरवा." निवेदिका कागद चाळत राहिली. गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. मी उठले. शेवटच्या रांगेत पांढरा शर्टही उठलेला दिसला.

बसस्टॉपवर मम्मी रडली. "अर्धा तासच तर होता गं. अकरा वर्षं घालवलीस. गायचं आणि मग बोलायचं."

मी जे केलं ते पप्पांना पटलं का, मला आजही माहीत नाही. पुढच्या रविवारी त्यांनी पेटीचा भाता उघडला आणि माझ्यासाठी थांबले. एवढंच.

महिन्याभराने मधुराचा मेसेज आला. "गुरुजी म्हणतात, येऊन पाया पड. विषय संपला. गंडा दिवाळीआधी बांधू."

मी लिहिलं, "घोडीवरचं कुंकू पुसलं का?"

"नाही गं. ते तुलाच जमतं. येशील तेव्हा पूस."

फोन हातात धरवेना. साबणाने हात धुतले.

आता मी लालबागच्या एका शाळेत संगीत शिकवते. तंबोरा स्वतःचा आहे. गेल्या आठवड्यात दादरच्या एका मंडळाचा फोन आला. माणूस गोड बोलत होता. "मॅडम, कार्यक्रम ठरवू. फक्त पत्रिकेवर नाव जरा... स्वरदा ठेवूया का? लोकांना तेच माहितीये."

मी म्हटलं, "लिहून घ्या." नाव सांगितलं. मी म्हटलं, "पुढे लिहा. क्रूस गळ्यात दिसेल. तंबोरा मी मिळवणार, स्टेजवर, सगळ्यांसमोर. मिळवल्यावर त्यावर कुणी पाणी शिंपडायचं नाही, कुंकू लावायचं नाही."

"बघतो. कळवतो."

कळवलं नाही. नको कळवू दे. पहाटे उठते, प्रार्थना करते, तंबोरा मिळवते आणि सा लावते. घराण्याच्या यादीत माझं नाव येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्या यादीला माझं नाव मी आता देतही नाही. ज्या घरात माझा हात चालत नाही, त्या घराला माझा गळा मिळणार नाही. एकदाही नाही. अर्धा तासही नाही.