सतराव्या ओळीतली सुई

नर्सिंग स्कूलच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले, तेव्हा सगळ्या मुली ताडकन उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मॅडम!" मी मॅडम नाही, त्यांच्याच वर्गात शिकायला आले आहे, हे मी मोठ्याने सांगितलं. कोणाला पटलं नाही. तिसऱ्या बाकावर जाऊन बसले तेव्हा शेजारची मुलगी अंग चोरून सरकली, आणि पुढचा आठवडाभर मी पाणी प्यायला उठले तरी ती उठायची.

मी तेहतीस वर्षांची होते, बाकीच्या सतरा-अठराच्या. त्याआधी दहा वर्षं मी पार्ल्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत होते. नंबर देणं, केसपेपर काढणं, फोन घेणं. डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद केला, तेव्हा सगळे धरून चालले होते की मी आता दुसरा काउंटर शोधीन. पण दहा वर्षं आजारी माणसं माझ्याकडे नाव सांगून आतल्या खोलीत जात होती आणि माझी हद्द तिथेच संपत होती. मला आत जायचं होतं. नर्सिंगच्या वयोमर्यादेत मी जेमतेम बसत होते, म्हणून लगेच फॉर्म भरला.

नवऱ्याने एकच प्रश्न विचारला, "आणि डबे?"

मी त्याला तक्ता दाखवला. सकाळचे डबे, मुलीची शाळा, सासऱ्यांच्या गोळ्या, माझी बस, सगळं वारांप्रमाणे लिहिलेलं होतं. मंगळवार आणि शुक्रवारपुढे त्याचं नाव होतं.

"हे कधी ठरलं?"

"रविवारी. तू झोपला होतास."

सासरे गिरणीत आयुष्य काढलेले. ते म्हणाले, "पाळी लागली म्हणजे घरात तक्ता लागणारच." विषय संपला.

दिंडोशीहून मुलुंडला लिंक रोडची बस. तिच्यात बसून मी हाडांची नावं पाठ केली. मुली मला आधी काकू म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात जाहीर केलं की काकू म्हणणारीला माझ्या नोट्स मिळणार नाहीत. त्या दिवसापासून मी ताई झाले. नोट्सना मागणी होती, कारण मी त्या रंगांनी लिहायचे: औषधं निळ्या शाईत, धोक्याची लक्षणं लाल, ट्यूटरबाई परीक्षेत हमखास विचारतात ते हिरव्यात. अर्ध्या मुलींनी फक्त हिरवं वाचलं आणि पास झाल्या.

प्रॅक्टिकलला आमच्याकडे एक रबरी हात होता. शिरेत सुई कशी घालायची ते त्यावर शिकायचं. नळीतून लाल पाणी सोडायचं, सुई बरोबर लागली की पाणी वर यायचं. पण आमच्या आधीच्या कितीतरी बॅचनी त्या हाताची अशी चाळण केली होती की सुई कुठेही टोचली तरी लाल पाणी यायचं. बेडशीटला टोचली असती तरी आलं असतं. मी एकदा टोचलं, पाणी आलं, ट्यूटरबाई म्हणाल्या, "व्हेरी गुड, नेक्स्ट."

खरी गोष्ट इथून सुरू होते. वॉर्डात पोस्टिंग लागलं की प्रत्येक वॉर्डाची सिस्टर पहिल्या दिवशी आमच्यावर नजर फिरवायची आणि माझ्याजवळ थांबायची.

"तुझं अक्षर चांगलं आहे का गं?"

माझं अक्षर चांगलं आहे. मग औषधांचं मागणी-पुस्तक माझ्याकडे यायचं. मग चादरींची मोजणी. मग सिलिंडरचं रजिस्टर, मग ड्यूटीचा तक्ता. चार दिवसांत वॉर्डातलं एकेक कपाट लेबल लावून उभं असायचं आणि सिस्टर दुसऱ्या सिस्टरला सांगायची, "ही पोरगी मी सोडणार नाही." तोवर माझ्या बॅचच्या मुली पलंगांपाशी उभ्या राहून चुकत होत्या, बोलणी खात होत्या, आणि शिकत होत्या. दुपारी एकमेकींच्या हातांवरही सराव करायच्या. मला मात्र कोणी हात पुढे करायला सांगितलं नाही. ताईला कोण टोचणार? आणि ताईने मागितलंही नाही. रजिस्टर हातात असलं की मी कामात आहे असं दिसतं. कामात असलेल्या बाईला कोणी सुई देत नाही.

तीन वर्षांनी मी वर्गात दुसरी आले.

अंधेरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी लागली, मेडिकल वॉर्डात. तीन महिने प्रोबेशन. पहिल्या दिवशी इनचार्ज सिस्टरने बत्तीस ओळींची चेकलिस्ट दिली. बेड करणं, नाडी, ब्लडप्रेशर, इंजेक्शन, नळीतून अन्न देणं, ड्रेसिंग. प्रत्येक काम कोणीतरी सीनियर बघणार आणि त्या ओळीपुढे सही करणार. मला यादी मिळाली की फार बरं वाटतं. महिनाभरात एकतीस ओळी झाल्या. राहिली सतरावी: शिरेत कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठीची ती बारीक नळी, सुईच्या मदतीने बसवणं.

ती जमेना. माझी सीनियर कुडाळची होती, चोवीस वर्षांची, वेणी पाठीवर आणि चप्पल कायम अर्धी पायात. ती गप्पा मारता मारता सुई लावायची, पेशंटला कळायचंही नाही. मी शीर शोधायचे, पट्टा बांधायचे, मनात पायऱ्या म्हणायचे, टोचायचे, आणि शीर बाजूला पळायची. पेशंट "आई गं" म्हणायचा. मी म्हणायचे, "सॉरी हां काका," आणि मागे सरायचे. ती पुढे यायची. असं सातदा झालं. मी मोजलं नसतं तर बरं झालं असतं.

तिसरा महिना संपत आला तेव्हा हॉस्पिटलच्या मानांकनाची तपासणी जाहीर झाली. इनचार्ज सिस्टरने माझ्यापुढे फाइलींचा गठ्ठा ठेवला. मी तो चार दिवसांत लावून दिला, अनुक्रमणिकेसकट. पाचव्या दिवशी त्याच गठ्ठ्यात मला माझी चेकलिस्ट सापडली. बत्तीसच्या बत्तीस ओळींवर सह्या होत्या, सतरावीपुढे इनचार्ज सिस्टरची.

सीनियर म्हणाली, "झकास! सुटलीस ताई."

मी सुटले नव्हते. कागद परत फाइलीत घातला, जेवायला गेले, डबा उघडला आणि न जेवता परत आले. केलेल्या गोष्टीपुढे खूण केली की ती माझ्या डोक्यातून जाते, म्हणून तर मी याद्या करते. ही खूण बघितल्यापासून दुसरं काही डोक्यात येत नव्हतं. कधीतरी वॉर्डात मी एकटी असणार, पेशंटचं प्रेशर पडलेलं असणार, आणि कागदावर मला सगळं येत असणार.

इनचार्ज सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"सिस्टर, सतरावी माझी झालेली नाही."

"माहितेय मला. शनिवारी तुझं प्रोबेशन संपतंय, सोमवारी तपासणी. येईल गं हळूहळू."

"खोडा ना."

"काय?"

"सही खोडा. मी करून दाखवते, मग करा."

त्यांनी चष्मा शोधला, मी तो डोक्यावरून काढून हातात दिला. तो लावून त्यांनी सतरावी ओळ वाचली. "हे बघ, मी खोडीन. पण रिकामी ओळ घेऊन मॅट्रनकडे गेलीस तर त्या तुला वॉर्डात ठेवणार नाहीत. तुझ्या फाइली बघून त्यांनी कालच विचारलंय, हिला खाली रेकॉर्ड्सच्या काउंटरवर देऊ का म्हणून. एसी आहे. रविवारी सुट्टी. तुला तर आवडेल."

काउंटर. मी तीन वर्षं शिकले, मुलीच्या शाळेची दोन गॅदरिंग बुडवली, नवऱ्याने दर मंगळवारी करपलेली भाजी केली, आणि हे सगळं करून मी परत काचेमागे बसून नावं लिहून घेणार होते. तेही माझ्या चांगल्या अक्षरामुळे.

"खोडा," मी म्हटलं. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. त्यांनी खोडलं, बाजूला छोटी सही केली, आणि म्हणाल्या, "आज बुधवार आहे."

सीनियरने बातमी ऐकून कपाळावर हात मारला. "वाट लावून घेतलीस ना? चल, हात दे तुझा."

"माझा?"

"माझा देते, घाबरू नको. टोचायचं नाही, फक्त शोधायचं. डोळे मीट."

औषधांच्या खोलीत, ट्रॉलीपाशी, डोळे मिटून मी तिच्या हातावरून बोट फिरवलं. "तू दिसते ती शीर घेतेस," ती म्हणाली. "निळी, वरवरची, बारीक. ती पळणारच. दिसत नाही, पण बोटाखाली स्पंजसारखी दबते आणि परत वर येते, ती घ्यायची. आणि खालून कातडी ताणून धर, म्हणजे तिला पळायला जागा नाही. आता सांग, कुठेय?"

मी बोट ठेवलं. ती म्हणाली, "हे हाड आहे ताई." दुसऱ्यांदा बरोबर आलं. गुरुवारी दिवसभर मी जो सापडेल त्याचा हात चाचपला. वॉर्डातल्या मावशी, इनचार्ज सिस्टर, चहावाला. घरी सासऱ्यांचा. ते म्हणाले, "काय गो, घेऊन जातंस की काय हात?"

शुक्रवारी सकाळी नऊ नंबरच्या पलंगावरच्या आजींची सलाईनची जागा सुजली. वर्सोव्याच्या, मासळी विकणाऱ्या. पायाची जखम चिघळली म्हणून आलेल्या, साखर वाढलेली, दिवसातून तीनदा शिरेतून औषध. जुनी कॅन्युला काढून नवी लावायची होती. हात उन्हाने आणि मिठाने राकट झालेले. सीनियर माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी."

आजींनी दोघींकडे बघितलं. "हिला येतंय काय?"

खोटं बोलायचा माझा धीर त्या आठवड्यात संपला होता. "अजून एकदाही जमलं नाही, आजी. दोनदा बघीन. नाही जमलं तर ही लावेल. तुम्ही नको म्हणालात तरी चालेल."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "एवढी मोठी झाली नं एकदाही नाय? काय करीत व्हतीस इतकी वर्सं?"

"वह्या लिहीत होते."

"अगो बाय," त्या म्हणाल्या आणि डावा हात पुढे केला. "दोन. तिसरी नाय."

पहिल्या वेळी मी घाई केली. शीर बोटाला लागली होती, पण टोचताना नजर परत निळ्या रेषेकडे गेली. रक्त आलं नाही. आजींनी जी शिवी दिली ती मला माहीत नव्हती, नंतर सासऱ्यांना विचारली तर त्यांनी सांगितली नाही. मी सुई काढली, बोळा दाबला, आणि सवयीने एक पाऊल मागे सरले. सीनियरने पुढे यायला हवं होतं. ती खिडकीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"कुटं चाललीस?" आजी म्हणाल्या. "एक ऱ्हायलीय ना?"

मी परत स्टुलावर बसले. पट्टा कोपराखाली बांधला. डोळे मिटले. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, जिथे बघायला काहीच नव्हतं, तिथे बोटाखाली काहीतरी दबलं आणि वर आलं. परत दाबलं, परत वर आलं. जागा पुसली, सुकू दिली, अंगठ्याने कातडी खाली ताणली आणि सुई जवळजवळ आडवी धरून आत घातली. मागच्या छोट्या नळीत रक्ताचा थेंब चढला. मग मी पायऱ्या म्हणायला विसरले. हात आपोआप करत गेले. नळी पुढे, पट्टा सैल, वर बोटाने दाब, सुई बाहेर, पट्टी. सलाईन जोडलं. वरच्या चेंबरमध्ये थेंब पडला, मग दुसरा. हाताला सूज नाही.

सीनियर खिडकीपाशीच राहिली, फक्त म्हणाली, "पट्टीवर तारीख घाल, ताई. तेवढं तरी तुला सांगायला लागू नये."

मी तारीख घातली. अक्षर वाकडं आलं.

आजी हाताकडे बघत होत्या. "दुखलं नाय या टायमाला," त्या म्हणाल्या. मग लगेच, "च्या आण आता. साखर घालून. दोन येळा टोचलंय मना."

"बिनसाखरेचा मिळेल. आणि हा हात दुमडायचा नाही, त्यावर टेकायचं नाही, पट्टी ओली करायची नाही."

"बघा! आत्ता सुई लागली नं आत्ता सासू झाली," आजी शेजारच्या पलंगाला म्हणाल्या.

मी चहा आणून दिला, बिनसाखरेचा. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं, माझ्याकडे बघत आणखी वाकडं केलं, आणि कप उजव्या हातात तोलून धरला. डावा हात त्यांनी उशीवर सरळ ठेवला होता, सांगितला तसा, जराही न हलवता.