कोपऱ्यातला ॲम्प्लिफायर

एकाहत्तरच्या नाताळानंतर श्रीरामपुरात ताईचं लग्न झालं. लग्नाला बोलावलेल्या ऑर्केस्ट्रातल्या बेस गिटारवाल्याचा पाय एक क्षण स्वस्थ नव्हता. त्याने सुटकेसएवढा ॲम्प्लिफायर उचलून चर्चच्या दगडी भिंतीच्या कोपऱ्यात टेकवला.

"घरी सरावाला ह्योच, लग्नालाबी ह्योच. कोपऱ्यात ठिवला की भिंत वाजती," तो मला म्हणाला.

पहिल्याच गाण्याला मामा वैतागले. "बंद करा ती घूंघूं! गाणं ऐकू द्या."

त्याने बटण बंद केलं. बोटं मात्र मुक्या तारांवर चालूच होती. पण बेसचा आधार गेला तसा गाणारा पुढे पळाला, ड्रमवाला मागे राहिला, पाहुण्यांच्या टाळ्या विस्कटल्या. मामांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी स्वतःच कोपऱ्यात येऊन पुटपुटले, "चालू करा ते."

"आमच्या बेसचं असंच हाय," तो मला म्हणाला, "बंद झाल्यावरच ऐकू येतं."