बोडीचं पाणी आणि वाकुडकरबाई

ज्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या डॉ. सुलभाबाई वाकुडकर यांची आणि माझी पहिली भेट चंद्रपुरात, दवाखान्यामागच्या नालीवर झाली. कडक इस्तरीची साडी खोचून बाई दोरीला बांधलेली बाटली नालीत सोडत होत्या. मी तिथे एकटाच रडायला गेलो होतो. बाईंनी आधी मला दोरी धरायला लावली आणि मग विचारलं, कोण आजारी आहे?

आजारी माझे बाबा होते. चामोर्शीकडच्या आमच्या गावात ते बोडीत, म्हणजे लहानशा तलावात, मासे धरतात. माशाचा काटा पोटरीत घुसला आणि जखम चिघळली. एकेक करून सगळी औषधं हरली. गुडघ्यावरून पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी उठून मागच्या नालीवर गेलो होतो.

बाई महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, माणसाला ते काही करत नाहीत, आणि जिथे ते जिवाणू तिथेच, नालीत नाहीतर गढूळ पाण्यात, ते सापडतात, हे त्यांनी मला नालीवरच समजावलं. पण प्रत्येक जिवाणूचा वैरी वेगळा. तो शोधावा लागतो आणि सापडेलच असं नाही. बाईंनी खोटा धीर कधी कुणाला दिला नाही. मला तेव्हा थोडा चालला असता.

बाबांच्या जिवाणूंचा वैरी शोधून जखमेवर सोडून पाहू, असं बाईंनी सुचवलं आणि डॉक्टरांनी आठ दिवस थांबायचं कबूल केलं. परवानगीच्या कागदांसाठी बाई स्वतः टेबलोटेबली फिरल्या. बोडीचं पाणी हवं म्हणून मी आईला निरोप धाडला. घासून लख्ख केलेल्या डब्यात पाणी घेऊन ती एसटीने आली. बाबांच्या जखमेतले जिवाणू काचेच्या बशीत वाढवून बाईंनी त्यावर ते पाणी सोडलं. हवे ते विषाणू असते, तर दुसऱ्या दिवशी बशीवर जिवाणू मेल्याचे स्वच्छ ठिपके दिसले असते. एकही दिसला नाही. पुन्हा केलं, तरी नाही. पाच दिवस गेले. 

शेवटी बाईंनी आईला जवळ बसवलं आणि पाणी कसं आणलं ते विचारलं.

आई खाली पाहत म्हणाली, "तुमाले घान पानी कसं देऊ बाई? उकळलं, फडक्यानं गाळलं, मंग आनलं."

उकळल्यावर विषाणू कुठले उरायला! मी आईवर भडकलो. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी. घाणच पाणी हवं, हे मी सांगायला हवं होतं." त्याच दुपारी त्या आईसोबत एसटीत बसल्या आणि आमच्या बोडीत गुडघाभर चिखलात उतरल्या. त्या पाण्याने बशीवर ठिपके उठले. डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली. ते विषाणू वाढवून, शुद्ध करून बाईंनी त्यांचं औषध केलं आणि ते जखमेवर सोडलं. पाय वाचला. बाबा थोडे लंगडतात, पण बोडीत उतरतात.

बाई ही गोष्ट कधी सांगत नाहीत. त्या सांगतात ती भामरागडकडच्या एका तरुण आईची. औषध तयार होतं, पण पावसाने रस्ता बंद झाला, ते पोचलं नाही आणि ती गेली. तिचं नाव बाईंच्या टेबलावर काचेखाली आजही आहे.

पुढे मी त्यांच्याच प्रयोगशाळेत लागलो. माझ्यासारख्या कालच्या पोरालाही त्या 'तुम्ही' म्हणतात, आणि माझ्या हातून काही बिघडलं तर आधी स्वतःचं काय चुकलं ते पाहतात.

आता खरं सांगतो. या वयात नालीवर जाऊ नका म्हणून मी किती हात जोडले. बाईंनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्या घसरल्या आणि नडगीला पत्रा लागला. त्यांना साखरेचा त्रास आहे. जखमेत तसेच हट्टी, औषधांना न जुमानणारे जिवाणू निघाले. प्रयोगशाळेत जपून ठेवलेला एकही विषाणू त्या जिवाणूंना लागू पडला नाही. मी घाबरलो आहे. बाई दवाखान्याच्या खाटेवरून फोन करून विचारतात, बशी नीट झाकली ना?

संपादक म्हणतात, लेखाच्या शेवटी दीर्घायुष्याची शुभेच्छा लिहा. ती लिहायला हात धजत नव्हता, तेवढ्यात बाबा प्रयोगशाळेच्या दारात आले. एसटीने, लंगडत, छातीशी कॅन धरून. झाकण उघडताच खोलीभर वास सुटला.

"बोडीचं हाय," ते म्हणाले. "उकळलं नाई, गाळलंबी नाई. बाईले सांगजो."

बाई, ते पाणी आत्ताच बशीवर सोडलं आहे. उद्या ठिपके दिसोत. तुम्ही बऱ्या व्हा, शंभरी गाठा, आणि नालीवर जायचंच असेल, तर दोरी माझ्या हातात द्या.